मंगरूळपीरहून फोन

मावशीकडचं कॉमिक कुणालाही वाचायला मिळायचं. ओळख नको, अनामत नको, कव्हर घालून परत करा अशी कटकट नको. अट एकच होती. वाचून झालं की मागच्या पानावर छापलेला नंबर लावायचा, आणि ज्यानं ते काढलं त्याला विचारायचं, "मंग पुढं काय झालं?" हा फोन तिच्यादेखत करायचा. फोन न करता जो पुस्तक ठेवून जाईल त्याला दुसरं मिळत नसे, मग तो कुणी का असेना. बँकेतल्या एका मोठ्या साहेबांनी "मला वेळ नाही हो" म्हणून नुसतं पुस्तक सरकवलं, तर पुढच्या खेपेला मावशीनं त्यांच्या हातात दवाखान्याचं लसीकरणाचं पत्रक ठेवलं आणि वाचा म्हणाली.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात एक्सरे काढायची, म्हणून सगळ्या गावाची एक्सरे मावशी. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला मावशीच म्हणत. कॉलेजसाठी मी तिच्या घरी राहायला होते, तेव्हा संध्याकाळी डबा द्यायला दवाखान्यात जाई. हात धरून आलेला माणूस मशीनखालून उठता उठता विचारायचाच, "मावशी, मोडलं का वो?" मावशीचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतीन." तिला सगळं दिसत असे, पण उभ्या नोकरीत तिनं कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाली, "आपलं काम फोटो काढाचं. वाचाचं काम ज्याचं त्यालेच करू द्याव." कॉमिकच्या बाबतीतही तिचा हाच कायदा होता. पुस्तक देईल, पण गोष्ट सांगणार नाही, चांगलं आहे की वाईट तेही सांगणार नाही.

एक्सरेच्या खोलीबाहेर बाकडं होतं आणि बाकड्याखाली तिची पत्र्याची पेटी. त्या पेटीत बसस्टँडवर दिसणारं एकही पुस्तक नव्हतं. कुठल्या तरी गावात दोन-तीन पोरापोरींनी पदरमोड करून छापलेल्या, पिना मारलेल्या मालिका. कशाचा रंग शेजारच्या चौकटीत गेलेला, कशाचा दुसरा अंक वर्षानं निघालेला. कुणी नावाजलेल्या वीरपुरुषाचं कॉमिक मागितलं की ती म्हणायची, "त्याले वाचाले दुनिया पडली हाये. याले कोन हाये?" आणि पंगतीत वाढायचा राहिलेल्या पाहुण्याला पुढे करावं, तसं एखादं पातळ पुस्तक पुढे करायची.

हे वेड तिला पुण्यात लागलं. ट्रेनिंगला गेली होती, तिथं एका प्रदर्शनात अगदी शेवटच्या टेबलाशी एक पोरगा स्वतःची पुस्तकं मांडून बसला होता. कुणी फिरकत नव्हतं. मावशीनं उभ्या उभ्या एक पुस्तक वाचलं आणि विचारलं, पुढं काय होते? पोरगा म्हणाला, पुढचं अजून काढलंच नाही, आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं पुढचा अंक काढला आणि तिला पाठवला. तेव्हापासून तिचं मत पक्कं झालं. ती म्हणायची, "मालिका काई पैशावाचून मरत नाई. कोनी इचारत नाई म्हनून मरते."

पुस्तक निवडून देण्याची तिची तऱ्हाही औरच. तुम्हाला काय आवडतं, असं ती कधी विचारत नसे. आवड विचारली की माणूस खोटं बोलते, असं तिचं म्हणणं. ती विचारायची, शेवटचं भांडण कुणाशी झालं, किंवा रात्री मधेच जाग कशानं येते. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई ऊसतोडीहून कोपर सुजवून आली होती. तिला अक्षरओळख नव्हती. मावशीनं तिला एक बिनशब्दांची मालिका दिली, मजुरांच्या ट्रकमागे धावत निघालेल्या कुत्रीची. बाईनं पुस्तक दोनदा पाहिलं. मग मावशीनं भोपाळचा नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला. तिकडं काढणारी मुलगी होती. बाई पुढचं विचारायचं विसरलीच, म्हणाली, "हमारी भी एक कुत्री फड पे छूट गई थी, बेटा." आणि मग ती आपल्या कुत्रीबद्दल बोलतच राहिली, तिकडची मुलगी मधे मधे "फिर?" एवढंच म्हणत होती. एक्सरेसाठी नंबर पुकारला तरी बाई उठेना.

फोन करण्यात जानरावकाकांचा हात कुणी धरला नसता. शेलूबाजारकडचे शेतकरी, गुडघ्यासाठी यायचे आणि गुडघा बरा झाला तरी येत राहिले. फोन लागला की आधी "जयभीम, मंगरूळपीरहून बोलून राह्यलो" म्हणायचे, मग तिकडचं पाऊसपाणी, मग तुरीचा भाव, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. बंगलोरच्या एका चित्रकारानं तर पुढे त्यांना आपल्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. मला मात्र सुरुवातीला या फोनची फार लाज वाटे. अनोळखी माणसाला काय म्हणून विचारायचं? मावशी म्हणायची, "काहून लाजतं? त्यानं एवढं सांगतलं, तुले एक सवाल नाई का होत?"

आणि मग आली ‘गळवाली’. विहिरीत पडलेली घागर-बादली लोखंडी गळ टाकून काढून देणाऱ्या एका बाईची ही मालिका. दर अंकात एक गाव, एक विहीर आणि विहिरीत पडलेली एक वस्तू. मिरजेकडचा सूरज नावाचा तरुण ती एकटाच लिहायचा आणि काढायचा. आमच्या भागात विहिरीचं सांगायला नको, गावच्या गाव त्या मालिकेला लागलं. पाचव्या अंकात एका आटलेल्या विहिरीत शाळेची घंटा पडलेली असते. गळाला ती लागत नाही. भर उन्हात आजूबाजूला कुणी नसतं. गळवाली दोराचं एक टोक कडुनिंबाला बांधते, दुसरं कमरेला, आणि स्वतःच उतरते. शेवटच्या पानावर शब्द नाही. वरून दिसणारी विहीर, खाली काळोख, काठावरून आत गेलेला दोर. कोपऱ्यात ‘क्रमशः’.

पुढचा अंक आलाच नाही. एक उन्हाळा गेला, एक दिवाळी गेली. बाकड्यावरून मिरजेला फोन जाऊ लागले, "ती वर आली का?" सूरज आधी नीट बोलायचा. मग एकदा म्हणाला, मी चित्रं काढणं सोडलं, आता पार्सल वाटायची नोकरी करतो, छापलेले गठ्ठे पलंगाखाली पडलेत. तरी लोक विचारतच राहिले. त्यानं एकाचा नंबर ब्लॉक केला की बाकड्यावर दुसऱ्याचा फोन तयार. शेवटी एके दुपारी जानरावकाकांवर तो कडाडला. म्हणाला, दोर तुटला, ती मेली, मालिका संपली, आता मला फोन करू नका.

काकांनी फोन खाली ठेवला आणि बाकड्यावर बसलेल्यांना एवढंच सांगितलं, "गेली म्हनते." त्या दिवशी दवाखान्यात लोक अगदी घरचं कुणी गेल्यासारखे बसून होते. पण खरी घाबरी झाली ती मावशी. इतकी वर्षं ती म्हणत आली की विचारलं की गोष्ट जगते, आणि इथं विचारून विचारून आपणच त्या बाईला मारलं, असं तिला वाटू लागलं. पेटीला तिनं कुलूप घातलं. कुणी पुस्तक मागितलं तर संपली म्हणायची. घरी स्वयंपाक व्हायचा, बातम्या लागायच्या, पण पुस्तकांचा विषय मी काढला की ती उठून भांडी आवरायला घ्यायची. तिला असं हरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

एका रविवारी मी जेवायची ताटं घेत होते, तर ती खिडकीशी उभी. पाचव्या अंकाचं शेवटचं पान उजेडाला धरलेलं, एक्सरेची प्लेट धरायची तसंच. मग म्हणाली, मिरजेचा नंबर लाव. तिनं स्वतः कुणाला फोन केल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. ती नेहमी दुसऱ्याला करायला लावायची. सूरजनं उचलला. आवाज ओळखीचा नव्हता म्हणून बोलला तरी.

"मंगरूळपीरहून एक्सरेवाली मावशी बोलते," ती म्हणाली. "मी तुमाले काई मांगून नाई राह्यली. फक्त तुमच्या फोटोत काय दिसते ते सांगते. तुटलेला दोर इहिरीच्या तोंडापाशीच लोंबते. तुमचा दोर पार खालपर्यंत गेला हाये, आन् काठावर ढिला पडला हाये. त्याच्यावर वजन नाई. बांधल्या मानसाचा दोर जरा तरी तानलेला रायते. म्हंजे खाली मानूस उभं हाये, आन् त्यानं आपल्या हातानं कमरेची गाठ सोडली हाये."

मग तो म्हणाला, मी तसं ठरवून काढलं नव्हतं हो.

"ठरवून कोनीच हाड मोडत नाई, बापा," मावशी म्हणाली. "फोटोत दिसते ते हाये. ती जित्ती हाये. तिनं गाठ काहून सोडली, ते मले नाई माहीत. ते तुमचं काम."

ज्या बाईनं जन्मभर कुणाला त्याच्या हाडाबद्दल सांगितलं नाही, तिनं त्या दिवशी ते चित्र वाचून दाखवलं. तिनं फोन ठेवला. आपण फार बोललो का, असं तिनं मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, बरोबर बोललीस. मला तिचा त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो आजही जसाच्या तसा आहे.

पावसाळा सरता सरता मिरजेहून पार्सल आलं. सहावा अंक. गळवालीनं कमरेची गाठ सोडली होती ती घंटेसाठी. दोर एकच होता. तो तिनं घंटेला बांधला आणि स्वतः खाली बिनदोराची राहिली. मग दोर हलवून हलवून ती घंटा वाजवत राहिली. विहिरीतून घंटा वाजते म्हणून माणसं धावत आली. आधी घंटा वर आली, मग दोर परत खाली गेला आणि ती वर आली. शेवटच्या दोन पानांवर नुसते हात आहेत, दोर ओढणारे. म्हातारे, तरणे, बांगड्यांचे, भेगा पडलेले. चेहरा एकाचाही नाही. जानरावकाकांनी फोन करून कारण विचारलं, तर सूरज म्हणाला, चेहरे कुठून काढू काका, मी तर तुमचे फक्त आवाज ऐकले.

बाकड्यावर त्या पानांवरून चांगलीच जुंपली. हा कडंवाला हात माझा, तो सुजलेल्या बोटांचा तुझा, अशी वाटणी चालली. तांड्यावरची ती बाई औषधाला आली होती, तिनं बांगड्यांच्या हातावर बोट ठेवलं आणि कुणाला बोलू दिलं नाही. मी मावशीला म्हटलं, तुझा कुठला? ती म्हणाली, "माहा कायले? फोटोत आपला हात आला का फोटो खराब होते." आणि पेटीचं कुलूप काढून पुढच्या माणसाला विचारायला बसली, की भांडण कुणाशी झालं.

निवृत्तीनंतर ती फार दिवस जगली नाही. तिच्या आठवणीत झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात बसायला जागा उरली नव्हती. मिरजेहून सूरज आला होता. सकाळच्या गाडीनं उतरून पत्ता विचारत आला आणि दाराशीच उभा राहिला. लोक आपली नावं सांगत होते, पण त्याला नावांची गरजच नव्हती. एकेक जण बोलला की तो ओळखायचा. जानरावकाका "जयभीम" म्हणाले आणि तो त्यांच्या गळ्यातच पडला.

पेटी आता विहाराच्या अभ्यासिकेत आहे, स्पर्धा परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांच्या शेजारी. मी आता इथल्याच शाळेत शिकवते, शाळा सुटली की तिथं बसते. अट तीच आहे. पोरं आधी लाजतात, मग फोन सोडायला तयार होत नाहीत.

मागच्या आठवड्यात उलटच झालं. लातूरहून मलाच फोन आला. दोन बहिणी आहेत, एक लिहिते, एक काढते. मंगरूळपीरच ना, अशी खात्री करून घेतली. मग थोरली जरा अडखळत म्हणाली, ताई, आमचे दोन अंक निघाले. नवीन मालिका काढली की मंगरूळपीरहून फोन येतो, असं सगळेच सांगतात. आम्हाला अजून आला नाही. आमचं काही चुकलं का?

मावशी असती तर तिला हे ऐकवलं असतं, एवढंच मनात येत राहिलं. मग मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही गं. अंक आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. पत्ता लिहून घ्या आणि दोन्ही पाठवा, आमच्या गावात वाचणारी माणसं आहेत.