कापसातली पिल्लं

आमच्या नणंदबाई, सत्यशीलाक्का, म्हणजे उंदरांच्या पक्क्या वैरीण. नवरा गेल्यावर भावाकडं राहायला आल्या, तेव्हाच परतूरच्या बाजारातून पिंजरा घेऊन आल्त्या. लुगडं कुरतडलं की दिवसभर उंदरांचा उद्धार. त्या बाई उंदरांसाठी भांडतील, असं मला सपनात बी वाटलं नव्हतं.

भाव चढंल म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवल्ता. टेम्पो आला, गडी कापूस ओढू लागले, अन् तळाला कोपऱ्यात घरटं निघालं. बोटाच्या पेराएवढी लाल पिल्लं, डोळे बी उघडले नव्हते. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणत्यात, पण रागात घेते. कल्याणनं ती उचलून मिठाईच्या डब्यात टाकली अन् आमच्या साक्षीच्या हातात दिली. "घे, पाळ! पुण्यात लोक हौसेनं उंदीर पाळतेत."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" अक्का कडाडल्या. "अरे, ही अंगावर पिणारी लेकरं! कोपऱ्यात बोचकंभर कापूस राहू दे, डबा तिथं ठेव. माय येईल त्यांची."

"उंदरासाठी टेम्पो थांबवू का? अन् पिंजरा कोण लावतं गं, अक्का?"

"मीच लावते! मारायचं तर मार, पण लेकरांचं खेळणं करू नको."

गडी खो खो हसले. हसणाऱ्यांचं काय जातंय! मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव.

कापूस गेला, खोली झाडून निघाली. साक्षी बिचारी वातीनं म्हशीचं दूध पाजत बसली. ते नाकातोंडात गेलं. दुपारपर्यंत एकेक पिल्लू गार पडलं, अन् पोरगी मला विचारती, "मम्मी, मी मारलं का?"

असा संताप आला म्हणून सांगू! पोरीनं काय मारलं? बापानं पोरीच्या हातानं मारलं.

दिवेलागणीला आम्ही त्याच खोलीत जेवायला बसलो, अन् उंदरीण आली. माणसांना बिलकुल भ्याली न्हाई. रिकाम्या कोपऱ्यात हुंगायची, भिंतीच्या कडंनं फिरायची, मंग परत तिथंच यायची. कल्याणनं चप्पल उचलली.

अक्कांनी त्याचा हात धरला.

"चप्पल काय उचलतो? लेकरं कुठं गेली ते सांग तिला."