तीनचा भोंगा

दर शनिवारी मी पालघरहून बोईसरला आईकडे जाते. वडील तिथल्या कंपनीत असताना घेतलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. औषधं, गॅस, वीजबिल, फ्रिज, या क्रमाने मी सगळं बघून घेते आणि दुपारचा चहा घेऊन निघते. यंदाच्या पावसाळ्यात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा मेळ लागेना. पट्टीत एका आठवड्यात जास्त उरत, पुढच्यात कमी.

"दुपारची गोळी घेतेस ना?"

"घेते की."

"किती वाजता?"

"घ्यायच्या वेळी."

हे उत्तर मला पटलं नाही. त्यात ती सहज म्हणाली, "हल्ली दुपार फार लांबते गं. सरतच नाही." ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंचं विसरणं असंच सुरू झालं होतं, हे मला लगेच आठवलं. मग मी तिला आडून आडून विचारू लागले. आज वार कोणता, परवा कोण आलं होतं, काल भाजी काय केली. दोन शनिवार तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "मास्तरीण कधी झालीस?"

चिडचिड हेही एक लक्षण असतं, असं मी वाचलं होतं. तिला पालघरला न्यायचं, खोल्यांना कुलूप लावायचं, हे मी मनात पक्कं केलं आणि पुढच्या शनिवारी तिच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊनच गेले.

"ही कशाला?"

"चार दिवस चल माझ्याकडे."

"चार दिवसांना एवढी मोठी?" तिने बॅगची चेन उघडून आत बघितलं, पुन्हा लावली. मग दिवसभर ती माझ्याशी मोजकंच बोलली.

दुपारी मी चहाचं आधण ठेवलं आणि तिला म्हटलं, "गोळी घे आता."

"भोंगा होऊ दे."

वडिलांच्या कंपनीचा पाळी बदलण्याचा भोंगा. तीनला तो झाला की आमच्या घरात चहा व्हायचा आणि आता तिची गोळी.

"झाला की मघाशी."

"नाही झाला."

"आई, मी आत्ता ऐकला. म्हणून तर चहा ठेवला."

"मी काय बहिरी आहे?"

मला तिची कीव आली. तिला पटावं म्हणून मी शेजारच्या बाईंना हाक मारली. त्या मूळच्या सफाळ्याकडच्या, गॅलरीत कपडे काढत होत्या.

"वहिनी, तीनचा भोंगा झाला ना?"

त्यांनी हातातला टॉवेल खाली घेतला. "भोंगा? तो बंद हाय ना ताई. बारा तासांच्या पाळ्या जाल्या तवापासून नाय वाजत. पावसाच्या आदीपासून." आणि त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. गेले काही शनिवार मी आईकडे बघत होते, तसंच.

मी मात्र तो ऐकला होता. प्रत्येक शनिवारी. हात पातेल्याकडे गेला की कान आपणहून भोंगा वाजवून घेत असणार, दुसरं काय. आई खरोखरच तो व्हायची वाट बघत बसायची. कधी संध्याकाळ होईपर्यंत, आणि गोळी राहूनच जायची; कधी एखाद्या ट्रकचा लांबलेला हॉर्न ऐकून एक गोळी आणि शंका आली की दुसरी. दुपार लांबणारच.

मी तिच्या फोनवर तीनचा गजर लावला. तिने तो दोनदा वाजवून घेतला. "हा तरी खरा वाजेल ना?" म्हणाली. मग कपात चहा ओतता ओतता तिने विचारलं, "मग आता कोणी कोणाकडे राहायला जायचं?"

निघताना बॅग हळूच पलंगाखाली सरकवली. मी चप्पल घालेपर्यंत ती दारात आली, बॅग घेऊन. आत सुकटीची पिशवी टाकलेली होती.

"चार दिवसांनी लागेल म्हणून ठेवत होतीस," ती म्हणाली. "ने."