जबड्यावर थांबलेली बोटे

डॉ. शारदाअक्कांची आणि माझी पहिली भेट दाढदुखीमुळे झाली. के. आर. पुरमला स्टेशनजवळ त्यांचा दवाखाना आहे. खुर्चीत बसताच मी तोंड उघडले.

"आधी तोंड मीट बघू," अक्का म्हणाल्या.

आधी कपाळ, गाल, जबडा बोटांनी चाचपायचा आणि मगच तोंडात पाहायचे, ही त्यांची पद्धत मला तेव्हा ठाऊक नव्हती. हाताखालच्या डॉक्टरांनाही त्यांनी तीच शिकवली. उजव्या जबड्याच्या कोपऱ्यावर त्यांची बोटे थांबली.

"ही हाडाची गाठ कधीपासून?"

"ती आमच्या घराण्याची खूण. वडिलांना होती, अण्णालाही होती." हे मी थोड्या अभिमानानेच सांगितले. ही गाठ आली की मूल वडिलांवर गेले, असे आमच्याकडे म्हणत.

"होती म्हणजे?"

माझा थोरला भाऊ अण्णा आतड्याच्या कॅन्सरने गेल्याला सात महिने झाले होते. वडीलही पोटाच्याच दुखण्याने गेले.

एक्स-रेमध्ये माझ्या जबड्यात दोन जादा दात दिसले. अक्कांनी दाढेवर औषध दिले आणि म्हणाल्या, "दाढ कुठे पळून जात नाही. आधी आतडं दुर्बिणीतून तपासून घे. ही गाठ साधीच आहे, पण काही घरांत अशी गाठ आणि जादा दात यांच्यासोबत आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, येतात. पुढे त्यांचाच कॅन्सर होतो."

मी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणून घरी आले आणि तपासणीला गेलेच नाही. पंधरा दिवसांनी, रविवारी, अक्का बसने आमच्याकडे आल्या. भिंतीवरच्या अण्णाच्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. गाठ फोटोतही दिसत होती.

"याचा जबडा कुणी बघितला नाही?"

"दातांच्या डॉक्टरला घाबरायचा. दाढेत लवंग धरून बसायचा."

"आणि तू कुणाला घाबरतेस?"

तपासणीला त्या स्वतः सोबत आल्या. शेकडो पॉलिप निघाले, पण कॅन्सर झालेला नव्हता. मोठे आतडे काढले, आणि मी आज आहे. माझ्या मुलीची तपासणीही त्यांच्याच आग्रहाने दरवर्षी होते.

अण्णा दवाखान्यापासून तीन स्टॉपवर राहायचा. बस तिथे थांबली की मी अजूनही दाराकडे पाहते.

"ही गाठ काढून टाकू या का गं?" अक्कांनी एकदा विचारले.

"राहू दे, अक्का. अण्णाची तेवढीच आहे."

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. मात्र दर भेटीत त्यांची बोटे तिथे जराशी जास्त थांबतात.

अक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे हात असेच स्थिर राहोत. मला अजून पुष्कळ वर्षे त्या खुर्चीत, तोंड मिटून, बसायचे आहे.