पत्र्यात आडवी शिरलेली गोळी

नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यातले ते प्रकरण मनात आले, की आधी माझी चूक आठवते आणि मग चाचा.

भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये द्राक्षे निवडणाऱ्या मजूर बाईच्या खांद्यात पत्रा फोडून आलेली गोळी घुसली. बाई वाचली, पण हात कायमचा अधू झाला. तासाभरात शेजारच्या बागायतदाराचा ठाण्यात फोन आला. "साहेब, फौजीनंच झाडली. बांधावरून त्याचं मळेवाल्याशी लय वाजलं होतं."

फौजी म्हणजे पलीकडचा शेतकरी, सैन्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे परवान्याची रायफल होती आणि नळीला बारुदाचा वास होता. रानडुकरे हुसकायला आदल्या दिवशी बार काढल्याचे तो सांगत होता. मी त्याला अटक केली. दोन दिवसांच्या चौकशीत त्याचे एकच उत्तर होते, "मी गोळी झाडली नाही, साहेब."

रायफल प्रयोगशाळेत पाठवण्याआधी ती पंचांसमक्ष तपासायला मी देवळाली कॅम्पातून चाचांना बोलावले. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात या कारागिराचे आयुष्य गेले होते. नळी उजेडाकडे धरून त्यांनी आतून पाहिली. "पीळ नव्यासारखे आहेत. मला तो पत्रा दाखवा."

शेडमध्ये ते भोकासमोर बराच वेळ उभे राहिले. भोक गोल नव्हते, बोटाच्या पेरासारखे लांबट होते.

"साहेब, ही गोळी आडवी शिरलीय."

"तिरकी लागली असेल."

"तिरकी लागली असती तर भोक एका कडेला ओढलं असतं. इथं गोळीची सगळी कूस उमटलीय. नळीच्या आत पीळ असतात ना, ते गोळीला फिरवतात. फिरता भोवरा कसा उभा राहतो? तशी फिरती गोळी टोकानं सरळ जाते. पीळ घासले की ती नीट फिरत नाही, हवेत कोलांट्या खाते. मग नेम कुठला आणि काय! फौजीच्या नळीतून एवढ्या अंतरावर असं भोक पडणार नाही. घासलेली नळी शोधा."

पंचनाम्यात मी फक्त 'एक छिद्र' असे लिहिले होते.

परवान्यांची नोंदवही काढून त्या शिवारातल्या उरलेल्या दोन्ही रायफली तपासणीला मागवल्या. एकीचे पीळ ठीक होते. दुसरीची नळी आतून जवळजवळ गुळगुळीत झाली होती. ती फोन करणाऱ्या बागायतदाराची, आजोबांपासून चालत आलेली रायफल होती.

त्याला समोर बसवले. आधी तो रायफल वर्षानुवर्षे पेटीतच असल्याचे सांगत राहिला. मी पत्र्याचा फोटो पुढे ठेवून चाचांचे म्हणणे ऐकवले, तेव्हा त्याने कबूल केले. "उसात बिबट्या दिसला, साहेब. त्याच्यावर झाडली. गोळी कुठं गेली कळलंच नाही. बाई ओरडली आणि मी घाबरलो."

पुढे प्रयोगशाळेच्या अहवालानेही गोळी त्याच रायफलीची ठरवली.

मी आभार मानले तेव्हा चाचा संकोचले. "मी काय केलं? भोक तुम्हीही बघितलं होतं."

खरे होते. मी ते पाहिले होते, पण तोवर माझा गुन्हेगार ठरलेला होता. अधिकारी होऊन मला जे जमले नाही, ते या माणसाने केले: फौजी कोण, भांडण कोणाचे, हे न विचारता तो फक्त पत्र्यासमोर उभा राहिला.

फौजीला सोडले, त्या दिवशी गावात जाऊन चार लोकांसमोर मी त्याची माफी मागितली. त्याने कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "साहेब, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."