आरिमुरांची अट

आखातातल्या अल ऐनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या अनुपमाताई पुण्यात जपानी शिकल्या. पुण्यात त्याचं नवल नाही, गल्लीत एक तरी जपानीवाली सापडतेच. नवल हे की, इथे येऊन संसार सांभाळत त्यांनी आरिमुरा या गाजलेल्या जपानी कादंबरीकाराची शेवटची कादंबरी मराठीत आणली. "वाचणार कोण, ताई?" असं मी तोंडावर विचारायची. त्या हसून चहा ओतायच्या.

आरिमुरा वारले, पण त्यांची एक अट घरचे अजून पाळतात. अनुवाद छापण्याआधी तो त्या भाषेतल्या, साहित्याशी देणंघेणं नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. पुस्तक जन्मशताब्दीला, म्हणजे पुढच्याच महिन्यात यायचं होतं. ताईंनी मुलीला, शुभ्राला धरलं. ती इथेच वाढलेली. मराठी कळते, उत्तर इंग्रजीत. अट हे निमित्त. लेकीने आपलं काम एकदा तरी ऐकावं, यातच ताईंचा जीव अडकला होता.

गोष्ट एका कोळिणीची. नवरा समुद्रावरून परतत नाही आणि ती रोज त्याचं जेवण वाढून ठेवते. मीही ऐकायला बसले होते. ताईंनी वाचलं, "तिने त्याच्या नावाने पान बाहेर ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहिली." मूळ जपानीत कावळा नव्हताच. मराठी वाचकाला तिचं वाट पाहणं चटकन कळावं म्हणून ताईंनीच तो आणून बसवला होता.

शुभ्राने मोबाईल बाजूला ठेवला. "वेट, आई. इज ही डेड?"

"नाही गं. तो येईल असंच ती धरून चालते, शेवटपर्यंत."

"देन व्हाय द क्रो?" शुभ्राचे वडील सुजीत समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतात, महिना तिकडे, महिना घरी. ती एकदम मराठीत म्हणाली, "बाबा तिकडे असतो तेव्हा तू कावळ्याला बोलावतेस का?"

ताईंचा चेहरा उतरला. बाई ज्याला पुस्तकभर जिवंत ठेवते, त्याचं यांनी तिसऱ्या प्रकरणातच श्राद्ध उरकलं होतं.

"एक ओळ खोडा, खलास!" मी म्हटलं.

"ओळ कसली? पुढचं सगळं मी विधवेच्या सुरात लिहिलंय." ताईंना रडू आलं. मलाही वाईट वाटलं. त्यांनी तिथेच प्रकाशकाला फोन करून शताब्दीला पुस्तक येणार नाही असं सांगितलं. तो चिडला, त्यांनी ऐकून घेतलं.

शुभ्रा अजून तिथेच बसली होती. "मग येतो का तो परत? वाच ना पुढे."

"चुकीचं आहे गं ते सगळं."

"असू दे. वाच."