ओर्व्हीलची शेवटची बाटली

अंबत्तूरच्या अनंतकृष्णरावांना ओर्व्हील या जुन्या फ्रेंच अत्तरपेढीचा इतिहास स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ. हातमोजे शिवणाऱ्याचा पोर पॅरिसात दुकान काय थाटतो, राजघराण्यांत काय पोचतो, नि पहिल्या महायुद्धानंतर थाटातच बुडतो काय! दूधवाल्याचीसुद्धा यातून सुटका नसे.

आजोबांना पाँडिचेरीच्या एका फ्रेंच साहेबाने दिलेली त्या पेढीची सीलबंद बाटली घरात होती. बँकेतून निवृत्त होताच ती उघडायची असं रावांनी ठरवलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात करोनाने त्यांचं नाक नेलं. वासच येईना. राव हे कुणाला बोलले नाहीत. नाक परत येईल त्या दिवशी पहिला श्वास ओर्व्हीलचा, एवढ्या आशेवर माणूस जगत होता.

मग लेकीचा साखरपुडा आला. दारात पाहुण्यांवर पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, शिंपडायचं, हातात खडीसाखर द्यायची, हा रिवाज. राव आत आले तर ओट्यावर रिकामी बाटली. ते ती उलटी करकरून पाहू लागले.

“अय्यो, असं काय करतां?” पत्नी त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. “पन्नीर संपलं. बाटलीवर गुलाब दिसला, ओतलं गुलाबदाणीत. वासाचंच की पाणी!”

राव तडक बाहेर गेले आणि पुण्याहून आलेल्या विहीणबाईंना त्यांनी गाठलं. “कसा वास येतोय?”

“छान आहे हो,” कुमुदिनीबाई चाचरल्या. “जरा वेगळा.”

“वेगळा म्हणजे?”

“म्हणजे... लोणच्यासारखा.”

त्रिपुरसुंदरीबाईंनी नवऱ्याला ओढत स्वयंपाकघरात आणलं. “विहिणीला काय छळतां? स्वतः हुंगा की!”

“मज वास येत नाही, सुंदरी. तापापासून.”

बाई म्हणाल्या, “आणि माझ्या रसमला रोज ‘काय घमघमाट’ म्हणत होतां, ते?”

रावांनी मान खाली घातली. इतकं वाईट त्यांना बाटलीचंही वाटलं नव्हतं.

बाईंच्या पदरावर थोडं अत्तर सांडलं होतं. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले. “वर वर आंबट आहे. थांबा. खाली मोगरा आहे, कालच्या गजऱ्यातला. त्याच्याही खाली काहीतरी... पेटीत ठेवलेल्या रेशमाचं.”

“मग?” राव जवळ सरकले.

बाहेरून लेक हाका मारत होती. “अप्पा, अम्मा, सगळे खोळंबलेत!”

“खोळंबू देत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा एक लांब श्वास घेतला.