तोंड उघडा, बोलू नका

कवळीवाल्या काकांच्या दुकानात माणूस बोळक्या तोंडानं शिरायचा आणि निघताना जर्मन बोलायचा. फेकाफेकी वाटेल, पण त्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आजही 'बावीस' जर्मनमध्ये म्हणता येतं, आणि ते का येतं हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

काकांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मागे कलणारी खुर्ची, बेसिन, आरसा. मागे प्लास्टरची पोती, पॉलिशचं चाक, आणि फळीवर ओळीनं गल्लीभरच्या जबड्यांचे साचे. कोण कोणावर दात खाऊन असतो, हे काकांना साचा हातात घेताच कळायचं. सांगायचे मात्र नाहीत. सांगितलं असतं तर गल्लीची केवढी सोय झाली असती.

बायको होती तोवर बोलण्याचं काम तिच्याकडे होतं. ती गेली आणि रविवारचा मुलीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल काकांच्या गळ्यात पडला. मुलगी जर्मनीत, जावई तिथलाच, आणि पाच वर्षांच्या नातीला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. मग मुलगी मध्ये बसायची.

"शाळेत काय केलंस गं?" काका विचारायचे.

नात लांबलचक काहीतरी सांगायची, हातवारे करून. मुलगी म्हणायची, "चित्र काढलं म्हणते, बाबा."

"कसलं?"

पुन्हा तेवढंच लांब. "घराचं म्हणते."

आपण नातीशी बोलतोय की तिच्या वकिलाशी, असं काकांना व्हायचं. एकदा तरी मध्ये कुणी न बसता तिच्याशी बोलायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं आणि त्रेसष्टाव्या वर्षी जर्मनच्या क्लासात नाव घातलं. मुलीला पत्ता लागू दिला नाही.

क्लासात सगळी विशी-पंचविशीतली पोरं. बाई म्हणायच्या, "जोड्या करा आणि बोला." पोरं होती तेरा, काका चौदावे, पण एक मुलगी कायम गैरहजर, म्हणून रोज काकाच उरायचे. ते खिडकीला विचारायचे, तू कुठे राहतेस. पहिली पायरी झाली, पोरं पांगली, पुढचा वर्ग नेमका दुकानाच्या वेळेत आला. मग एक पुस्तक, मोबाइलवरचे धडे आणि रेडिओवरच्या मुलांच्या गोष्टी, यांवर काकांनी एकट्यानं रेटलं.

ऐकायला रेडिओ झाला, पण बोलायचं कोणाशी? ती सोय धंद्यातच निघाली. कवळीचं माप घेताना तोंडात ओल्या लगद्याचा साचा दाबून बसवतात. तो घट्ट होईतो चार मिनिटं माणसानं बोलायचं नाही. "तोंड उघडा. आता बोलू नका," एवढं म्हणून काका सुरू व्हायचे. सकाळी उठलो. दूध तापवलं. उतू गेलं. पुसलं. पहिल्या वर्षी दूध नुसतं उतू जायचं. दुसऱ्या वर्षी ते का गेलं हेही सांगता येऊ लागलं. कवळी तयार झाली की गिऱ्हाइकाकडून जर्मन 'बावीस' म्हणवून घ्यायचे, त्स्वायउन्टत्स्वान्त्सिश. त्या शब्दात जीभ पुढच्या दातांवर तीनदा आपटते. शिट्टी वाजली नाही, तर कवळी पक्की.

समोरचा औषधवाला एकदा म्हणाला, "काका, सासूबाई म्हणतात, तुम्ही माप घेताना त्यांना शिव्या देता."

"त्यांना कळल्या?"

"नाही."

"मग शिव्या कशावरून?"

"माझं तोंड बंद असताना कुणी एवढं बोलतं, ते दुसरं काय असणार, म्हणतात."

रविवारच्या कॉलमध्ये आधी काकांना सुटे शब्द सापडायचे. निळा. कुत्रा. उद्या. पुढे वाक्यं लागायला लागली. तिसऱ्या वर्षी तर रेडिओवरच्या विनोदाला ते सांगणाऱ्याच्या आधी हसले. कुणाला सांगावं म्हणून मान वळवली, तर फळीवरचे सगळे जबडे आ वासून बसलेले.

त्यानंतरच्याच रविवारी मुलगी नातीला म्हणाली, आजोबांशी बोल काहीतरी. नात आता आठ वर्षांची. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मागच्या वेळचंच सांग ना. त्यांना कुठे कळतंय. अजून किती मिनिटं?"

मुलगी काकांकडे वळली. "तुमची फार आठवण येते म्हणते, बाबा."

इतकं स्वच्छ जर्मन काकांना आजवर कळलं नव्हतं. एकाही शब्दाला अडले नाहीत.

"मलाही येते म्हणावं," ते म्हणाले.

मुलीनं नातीला सांगितलं, "झालंच, पाच मिनिटं." तेही कळलं.

तो आठवडाभर काकांनी माप घेताना तोंड उघडलं नाही. निवृत्त पोस्टमन साचा निघाल्यावर गाल चोळत म्हणाले, "आज गप्प का? चार मिनिटं फार लांबली हो."

पुढच्या रविवारी कॉल चालू असताना तिकडे दाराची घंटा वाजली आणि मुलगी उठून गेली. पडद्यावर नात एकटी, गाल मुठीवर टेकून, घड्याळाकडे बघत बसलेली.

"अजून सहा मिनिटं आहेत," काका जर्मनमध्ये म्हणाले. "मलाही कंटाळा आलाय."

गाल मुठीवरून निघाला. "तुम्हाला येतं?"

आणि इथे काका अडकले. तीन वर्षं ते या भाषेत बोलत होते, आणि गिऱ्हाइकांपैकी कुणी उलट एक शब्द बोललं नव्हतं. समोरचा गप्प राहणार, याचीच सवय झालेली.

"आजोबा? येतं का?"

"येतं."

"कधीपासून?"

"मागच्या रविवारीही येत होतं."

नात कानापर्यंत लाल झाली. मग हळूच म्हणाली, "आईला सांगू?"

काकांना ते वाक्य आठवलं, आठवण येते म्हणते. नातीनं न म्हटलेलं ते वाक्य मुलीनं बसल्या बसल्या घडवलं होतं. खोटे दात घासून घासून बसवावे लागतात, दुसऱ्याच्या हिरडीला खुपू नयेत म्हणून. हे काम त्यांच्याइतकं कोण ओळखणार? मुलगी किती वर्षं घासत बसली होती. आणि ती आठवण नातीची नसेल, तर कुणाची होती?

"नको," काका म्हणाले.

मुलगी परत आली. "बसलात ना दोघं गप्प?" आणि नातीला, "बोल काहीतरी."

नातीनं काकांकडे रोखून पाहिलं. "सांग त्यांना, मला इथे बसायचा कंटाळा येतो. त्यांनाही येतो."

"तब्येत छान दिसते म्हणते, बाबा."

काकांनी ओठ दाबून धरले. "तिलाही म्हणावं, मोठी झालीस."

वीस मिनिटं झाली आणि कॉल ठरल्या वेळी संपला.

सोमवारी पहिलं माप एका आजीबाईंचं होतं. "तोंड उघडा. बोलू नका." साचा दाबला आणि काकांनी सगळं सांगितलं, घंटेपासून मोठी झालीसपर्यंत, एकही चूक न करता. मग साचा काढला आणि उत्तराच्या आशेनं आजीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"चूळ भरायला पाणी देता?" आजीबाई म्हणाल्या.